कृष्णाकाठच्या पुढची पाने

शिरवळ सातारा जिल्ह्यात आहे, पण कृष्णेच्या खोऱ्यात नाही. आमची नदी नीरा. भोरच्या डोंगरांतून ती येते, सारोळ्याच्या पुलाखालून पुढे सरकते, वीरच्या धरणात साठते आणि नरसिंहपूरला भीमेला जाऊन मिळते. पलीकडच्या काठावर पुणे जिल्हा, अलीकडे सातारा. कृष्णा भेटायला हवी तर दक्षिणेची वाट धरायची, खंडाळा मागे टाकायचा आणि खंबाटकीचा घाट चढायचा. महादेवाच्या त्या डोंगररांगेवर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तरेकडचा आमच्या नीरेला, दक्षिणेकडचा कृष्णेला. घाट उतरून सुरूर, वाईफाटा मागे पडला की भुईंजजवळ पुलावरून कृष्णा दिसते.

माझे माहेर घाटाच्या त्या बाजूला, कडेगाव तालुक्यात. सासर इकडे शिरवळला. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र मी पहिल्यांदा वाचले ते माहेरच्या ओढीने. त्यात देवराष्ट्रे आहे, सागरेश्वर आहे, सोनहिऱ्याचा ओढा आहे, विटे आणि कराड आहे. माझ्या लहानपणी ज्या वाटांनी बैलगाड्या जायच्या, त्याच वाटांनी हा पोर आजोळी जातो-येतो. पुढे हे पुस्तक मी कितीदा वाचले याचा हिशेब ठेवला नाही. पण दर वेळी शेवटच्या पानाशी येऊन मी अडते, कारण ते १९४६ साली संपते.

१९४६ नंतर या माणसाने काय काय केले ते मराठी वाचकाला सांगायला नको. तरी एकदा ओळीने म्हणून बघावे. आधी मुंबई राज्यात संसदीय चिटणीस, मग मंत्री. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनने युद्धबंदी जाहीर केली त्याच सुमारास, देशाचे संरक्षणमंत्री. मग गृहमंत्री, मग अर्थमंत्री, आणि १९७४ च्या ऑक्टोबरपासून १९७७ च्या मार्चपर्यंत परराष्ट्रमंत्री. त्यानंतर लोकसभेत विरोधी पक्षनेते, १९७९ साली उपपंतप्रधान, शेवटी आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. यांतले एकही पद त्यांच्या आत्मचरित्रात नाही. पुस्तक मिटते तेव्हा त्यांच्या हाती निवडून आल्याचा आनंद, मुंबईचे बोलावणे आणि घरच्या आजारपणाची काळजी, एवढेच असते.

म्हणून हे पुस्तक अपुरे आहे, असे कुणी म्हटले तर मला ते मान्य नाही. जेवढे लिहिले आहे तेवढे मराठीतल्या राजकीय आत्मचरित्रांत फार वरच्या पायरीवर ठेवावे असे आहे. मोठ्या पदावर पोचलेला माणूस आपल्या बालपणाकडे बघतो तेव्हा त्याला तिथेही भावी मोठेपणाच्या खुणा दिसू लागतात. यशवंतरावांना तशा खुणा शोधायची गरज वाटलेली नाही. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते आणि प्लेगात गेले, तेव्हा यशवंत चार-पाच वर्षांचा. मागे विठाई आणि मुले. घरात वाटून घेण्यासारखे काहीच नव्हते, तेव्हा कष्टच वाटून घेतले. नावाची गोष्टही तशीच साधी. बाळंतपण अडले, आईचा जीव धोक्यात आला, तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले, यश दे म्हणून. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली आणि मुलाचे नाव यशवंत ठेवले. आमच्या भागात अजूनही अशी नावे ठेवतात, आणि ज्याचे नाव ठेवले त्याला दरसाल सागरेश्वरी नेऊन आणतात.

त्या पुस्तकातला एक प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षकांनी मुलांना विचारले, तुम्ही कोण होणार ते लिहून द्या. कुणी टिळक लिहिले, कुणी आणखी कुणी. या मुलाने स्वतःचेच नाव लिहिले. भाषणांत हा किस्सा फार वापरला जातो, महत्त्वाकांक्षेचा दाखला म्हणून. मला त्यात महत्त्वाकांक्षेपेक्षा घर दिसते. एक भाऊ सत्यशोधक विचारांकडे ओढला गेलेला, गावात काँग्रेसची हवा, वर्तमानपत्रांतून येणाऱ्या लाहोरच्या तुरुंगातल्या जतीन दासांच्या उपोषणाच्या बातम्या. एवढ्या आवाजांत वाढणाऱ्या मुलाला कुणा एकाचा होऊन चालणार नव्हते. त्याला प्रत्येकाचे थोडे ऐकून आपला रस्ता काढायचा होता. पुढे ज्याला 'बेरजेचे राजकारण' म्हणू लागले, त्याचा पहिला धडा मला त्या ओसरीवरच्या वादांत सापडतो.

दुसरा प्रसंग तुरुंगाचा. १९३२ साली झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मुलगा अजून शाळेत होता. माफी मागितली तर सुटेल, शिक्षण वाया जाणार नाही, असा सल्ला आईपर्यंत पोचला. देणाराही वाईट माणूस नव्हता, मुलाच्या काळजीने बोलत होता. विठाई निरक्षर, विधवा, पोराच्या शिक्षणावर सगळी आशा. तिने माफीची गोष्ट उडवून लावली आणि तब्येतीला जप म्हणून सांगून ती परत निघाली. हा मजकूर मी आमच्या सासूबाईंना वाचून दाखवला होता. त्यांचे अक्षरज्ञान सहीपुरते. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्या माउलीनं रस्त्यात पदर डोळ्याला लावला असंल, पण पोराला दिसू दिला नाही." पुस्तकात हे नाही. तरी सासूबाईंचे वाचन मला पटले. ज्या आत्मचरित्रात न लिहिलेलेही असे वाचता येते, त्याच्या लेखकाने प्रामाणिकपणे लिहिले आहे असे समजावे.

येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारखी माणसे भेटली, पुस्तके भेटली. मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, १९३८ साली बी. ए., पुण्याचे लॉ कॉलेज, १९४१ साली वकिलीची पदवी. मध्ये काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण, आणि महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर होणे. या सगळ्यात जे डळमळणे आहे ते त्यांनी झाकलेले नाही. पुढाऱ्याने आपण कधी काळी दोन मनांचे होतो हे कबूल करणे सोपे नसते.

पण माझ्या मते पुस्तकाचे काळीज वेणूताईंच्या पानांत आहे. त्या फलटणच्या. शिरवळहून लोणंदमार्गे फलटणला जाणारा रस्ता आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे, त्यामुळे ही पाने मला शेजारची वाटतात. २ जून १९४२ ला लग्न झाले. ऑगस्टमध्ये चले जावचा ठराव झाला आणि नवरा भूमिगत. तासगाव, कराड, वडूज, इस्लामपूर, तालुक्या-तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली. यशवंतरावांच्या डोक्यावर हजार रुपयांचे बक्षीस लागले. नवरा सापडत नाही म्हणून पोलिसांनी बायकोला धरले. लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि ही मुलगी कोठडीत. तिथून तब्येत ढासळली ती कायमची. पुढे १९४३ च्या उन्हाळ्यात तिला भेटायला म्हणून ते गुपचूप फलटणला आले आणि तिथेच पकडले गेले.

स्वातंत्र्याच्या इतिहासात या संक्रांतीची नोंद एका ओळीची असते. यशवंतरावांच्या पुस्तकात तिला जागा मिळाली, कारण ती लिहिताना त्यांना कुणासमोर उभे राहायचे नव्हते. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मूलबाळ नव्हते. दिल्लीतल्या १, रेसकोर्स रोडच्या त्या मोठ्या घरात ते एकटे राहिले. 'कृष्णाकाठ' छापून आले १९८४ साली. तीन खंडांचा बेत होता. पहिला हा नदीकाठचा, दुसरा मुंबईतल्या वर्षांचा, तिसरा दिल्लीचा. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि महिनाही उलटला नव्हता तो २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव दिल्लीत वारले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. पुढचे दोन खंड राहिले ते राहिलेच.

आता या राहिलेल्या पानांबद्दल. महाराष्ट्राला त्यांची हळहळ वाटायला हवी तेवढी वाटत नाही. समाधीवर आपण दरवर्षी फुले वाहतो, पण या माणसाबरोबर काय गेले याची मोजदाद करत नाही.

फलटणचेच घ्या. १९५५ च्या अखेरीस संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटलेली असताना, यशवंतरावांनी फलटणला जाहीर केले की, नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून एकाची निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या मागे जाऊ. त्या वाक्याने त्यांना गावोगाव शिव्याशाप मिळाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली, ते स्वतः कराडात कसेबसे निवडून आले. आमच्या साताऱ्याने लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटलांना पाठवले, कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. आणि तीन वर्षांत त्याच यशवंतरावांच्या हातून महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. ज्या सासुरवाडीत १९४३ ला बेड्या पडल्या, तिथेच बारा वर्षांनी लोकांचा रोष ओढवून घेणारे ते वाक्य आले. त्या दिवशी मनात काय होते? नेहरूंवरचा विश्वास होता, की आतून मार्ग काढायची खात्री होती, की दोन्ही? चरित्रकारांनी आपापल्या परीने उत्तरे दिली आहेत. खुद्द माणसाचे उत्तर नाही.

त्याहून मोठे पान कराडचे. १९७५ चा डिसेंबर. आणीबाणी लागून सहा महिने होत आलेले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कराडला भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, देशाचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाश नारायण मुंबईच्या रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होते. दुर्गाबाईंनी भरल्या मंडपात त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली, आणि लेखकाच्या स्वातंत्र्यावर आलेल्या बंधनाबद्दल सरकारच्या मंत्र्यासमोर स्पष्ट बोलल्या. पुढच्या वर्षी मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून त्यांना अटक झाली.

मी त्या मंडपाचा पुष्कळदा विचार करते. कराड हे यशवंतरावांचे घर. ज्या गावात शाळकरी वयात त्यांनी झेंडा लावला, ज्या गावातून तुरुंगात गेले, त्याच गावात आता ते पाहुण्यांचे स्वागत करतात आणि त्यांच्या सरकारने हजारो माणसे तुरुंगात घातलेली आहेत. वाचनाचे वेड असलेला, लेखकांत मनापासून रमणारा हा माणूस. साहित्य संस्कृती मंडळ काढणारा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती वाईला विश्वकोशाचे काम सोपवणारा. दुर्गाबाईंचे शब्द त्यांना परके वाटलेले नसणार. ते गप्प बसले, आणि मंत्रिमंडळातही राहिले. का राहिले? आत राहून काही सावरता येईल म्हणून? बाहेर पडण्याची वेळ निघून गेली म्हणून? हे प्रकरण त्यांनी लिहायलाच हवे होते. माझा त्यांच्यावर राग नाही, पण हे म्हणणे मी मागेही घेणार नाही. १९३२ मध्ये माफी न मागणाऱ्या मुलाची गोष्ट ज्याने आम्हाला एवढ्या जवळून सांगितली, त्याच्याकडून १९७५ च्या मंत्र्याची गोष्टही मागायचा वाचकाला अधिकार आहे.

कदाचित त्यांनी ती फार सांभाळून लिहिली असती. सत्तेत वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला मोजून बोलायची सवय लागते, आणि परराष्ट्र खात्यात तर तीच नोकरी असते. 'कृष्णाकाठ' एवढे मोकळे उतरले त्याचे एक कारण तेही आहे की, त्यातल्या मुलाकडे लपवण्यासारखे काही पद नव्हते. तरीही सांभाळून लिहिलेले पानही पान असते. ओळींच्या मधले वाचायला आमच्या सासूबाईंसारखे वाचक असतात.

मुत्सद्दी यशवंतरावांचे काहीच उरले नाही असे मात्र नाही. दोन गोष्टी उरल्या, आणि दोन्ही आत्मचरित्रासाठी लिहिलेल्या नव्हत्या. १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत त्यांनी रोजनिशी लिहिली होती. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले आणि हवाई दल वापरायचे की नाही हा प्रश्न समोर आला, तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी काही मिनिटांत होकार दिला. ६ तारखेला आपले सैन्य लाहोरच्या बाजूला सरहद्द ओलांडून गेले. २३ ला युद्धबंदी झाली. पुढच्या जानेवारीत ताश्कंदला ते शास्त्रीजींबरोबर होते. करारावर सह्या झाल्या त्याच रात्री शास्त्रीजी गेले. त्या युद्धाची रोजनिशी त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी २००७ साली इंग्रजी पुस्तकातून लोकांपुढे आणली. तिच्यात दमलेला, सावध, सेनापतींचे स्वभाव पारखणारा माणूस दिसतो. ती त्याने त्या-त्या दिवशी लिहिली होती, वीस वर्षांनी आठवून नव्हे.

दुसरी गोष्ट पत्रे. परदेश दौऱ्यांवरून यशवंतराव वेणूताईंना पत्रे लिहीत. 'विदेश-दर्शन' या नावाने ती पुस्तकरूपात आली. परराष्ट्रमंत्रिपदाची त्यांची वर्षे जगाच्या दृष्टीने फार खळबळीची होती. सायगाव पडले, सिक्कीम भारतात आले, ढाक्याला मुजीबुर रहमान यांची हत्या झाली, १९७६ मध्ये चीनशी पुन्हा राजदूत पातळीवर संबंध सुरू झाले, पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पूर्ववत झाले आणि अमृतसरहून लाहोरकडे समझोता एक्सप्रेस निघाली. या घडामोडींची कागदपत्रे दिल्लीच्या दफ्तरात आहेत. पण परक्या शहरातल्या हॉटेलात दिवसभराच्या बैठका उरकून माणूस रात्री बायकोला काय सांगतो, तो दस्तऐवज फक्त या पत्रांत मिळतो. दिल्लीच्या वर्षांचे आत्मचरित्र आपल्याला मिळाले नाही, त्याचे तुकडे वेणूताईंनी जपून ठेवले म्हणून मिळाले, असे मी म्हणेन.

पत्राची किंमत आमच्या खंडाळा तालुक्याला वेगळी सांगायला नको. शिरवळहून जवळच नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव. माहेरी आलेल्या सावित्रीबाईंनी १८६८ च्या ऑगस्टमध्ये जोतीरावांना लिहिलेले पत्र आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. गावाने गणेश नावाच्या ब्राह्मण तरुणाला आणि शारजा नावाच्या अस्पृश्य मुलीला ठार मारायचे ठरवले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि त्यांना वाचवले, ही हकिगत त्यात आहे. ते पत्र नष्ट झाले असते तर त्या दोघांचे जीव वाचल्याचे आज कुणालाही ठाऊक नसते. नायगावच्या स्मारकात दर ३ जानेवारीला गर्दी लोटते. तिथे जाणाऱ्या प्रत्येक मुलीने ते पत्र वाचून यावे, असे मला वाटते.

आणखी एका माणसाचे नाव इथे घ्यायला हवे. औंधचे अप्पासाहेब पंत. यशवंतरावांपेक्षा वर्षाच्या आतबाहेर मोठे, जन्म १९१२ चा. एक बेलिफाचा मुलगा, दुसरा राजाचा. पण अंतर दिसते तेवढे नव्हते. कुंडल हे औंध संस्थानातले गाव, देवराष्ट्र्याच्या शेजारचे. १९३९ साली महाराज भवानरावांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपला राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला, त्या कामात तरुण अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन पुढे होते. पुढे बेचाळीसनंतर प्रतिसरकारच्या माणसांना कुंडल परिसराचा आधार मिळाला तो याच संस्थानाच्या हद्दीत. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि अप्पासाहेब नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले. तिथल्या आफ्रिकी माणसांविषयी त्यांना वाटणारी आस्था इंग्रज सरकारला रुचली नाही, आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून परत यावे लागले. मग गंगटोक, तिथून सिक्कीम, भूतान आणि तिबेट यांच्याशी संबंध. मग इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम.

अप्पासाहेबांनी लिहिले, आणि भरपूर लिहिले. 'अ मोमेंट इन टाइम' १९७४ चे, 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स' १९८७ चे. वडिलांच्या त्या विलक्षण प्रयोगावरही त्यांनी पुस्तक लिहिले. राजनैतिक नोकरीतल्या माणसाने एवढ्या मोकळेपणाने लिहावे याचे मला कौतुक वाटते. पण ही पुस्तके इंग्रजीत राहिली आणि आपल्या जिल्ह्यातल्या वाचनालयांत मला क्वचितच दिसली. एका तालुक्याएवढ्या मुलखात दोन मुलगे जन्मले. एक गंगटोकला भारताचा प्रतिनिधी झाला आणि दुसरा, सिक्कीम भारतात आले तेव्हा, भारताचा परराष्ट्रमंत्री होता. पहिल्याने आपली मुत्सद्देगिरी लिहिली पण ती आमच्या गावापर्यंत पोचली नाही. दुसऱ्याने आमच्या गावाच्या भाषेत लिहिले, पण मुत्सद्देगिरीपर्यंत पोचायला आयुष्य पुरले नाही. या दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी आपल्या विद्यापीठांतून निघाला तर या मातीचे विसावे शतक त्याला एकत्र दिसेल.

आमच्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. राज्यभरातून मुले-मुली तिथे शिकायला येतात, गावात खोल्या घेऊन राहतात. त्यांतली एक मुलगी आमच्याकडे राहायची, विदर्भातली. नाना पाटील कोण होते हे तिने मला विचारले. मी येडेमच्छिंद्र सांगितले, प्रतिसरकार सांगितले, कुंडल, शेणोलीजवळ अडवलेली रेल्वेगाडी, न्यायदान मंडळे सांगितली. तिने पुढचा प्रश्न विचारला, "काकू, यावर त्यांचं स्वतःचं पुस्तक आहे का?" मी तिच्या हाती 'कृष्णाकाठ' दिले. चळवळीच्या सुरुवातीच्या काळाचे ते एका साक्षीदाराचे पुस्तक आहे, आणि यशवंतराव १९४३ मध्ये पकडले गेल्यावर प्रतिसरकारने जे रूप घेतले ते त्यात सविस्तर नाही, हेही सांगितले. नाना पाटलांचा आवाज मैदाने गाजवणारा. माणसे रात्ररात्र बसून ऐकत. आता ते ऐकणारेही संपत आले.

सातारा-सांगलीत राजकारण घराघरांत आहे. जिल्हा परिषदा, साखर कारखाने, दूध संघ, सोसायट्या, बाजार समित्या यांत चाळीस-पन्नास वर्षे काढलेली माणसे आजही आपल्यात आहेत. कोयना धरणासाठी गावे उठली तेव्हाचे, १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांवरचे, धरणग्रस्तांच्या मोर्च्यांतले, फोडाफोडीच्या रात्रींचे साक्षीदार आहेत. त्यांचे वाढदिवसाचे गौरवग्रंथ निघतात, त्यांत इतरांचे लेख असतात आणि फोटो असतात. त्यांनी स्वतः लिहिलेले त्यांत दोन पाने असली तर खूप. निवडणूक जवळ आली की लिहायला वेळ नसतो, आणि निवडणूक नेहमीच जवळ असते.

कराडला वेणूताई चव्हाण स्मारकात यशवंतरावांची पुस्तके ठेवलेली आहेत. प्रीतिसंगमावर जाणाऱ्यांनी तिथेही जावे आणि मुलांना न्यावे. ज्यांच्या घरात जुन्या वह्या, तुरुंगातली पत्रे, सभांच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे किंवा सोसायटीचे पहिले ठराव पेटीत पडून आहेत, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली न करता एखाद्या वाचनालयाला द्याव्यात, निदान त्यांचे फोटो काढून ठेवावेत. आणि ज्यांनी आयुष्य सार्वजनिक कामात घातले त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. लिहिता येत असेल तर लिहा, येत नसेल तर नातवंडाला समोर बसवून सांगा, पण यंदाच सुरुवात करा. तुमच्या चुका लिहा, तुम्ही कुठे गप्प बसलात तेही लिहा, आणि बालपणापाशीच न थांबता जिथे सत्ता हातात आली तिथून पुढेही लिहा.